जावयाचं मशीन, लेकाची फरशी

आमच्या परंड्यात लाकडी फरशी असलेलं घर एकच, आणि ते माझं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच. बाकी सगळीकडं शहाबादी, नाहीतर हल्लीची ती पाय घसरवणारी टाइल. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सागवानी पट्ट्या आहेत, आणि त्या माझ्या शंभूनं स्वतःच्या हातानं बसवल्या आहेत. तो पुण्यात एका ठेकेदाराकडं होता, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये असल्या फरश्या बसवायच्या कामाला. एका दिवाळीला येताना टेम्पोत पट्ट्या घालून आला आणि सगळी सुट्टी गुडघ्यांवर काढली. फराळाचं ताटसुद्धा तिथंच नेऊन द्यावं लागलं. गल्लीतले लोक बघायला आले आणि जाताना "मास्तरनं वाळवीला पाट मांडून आवतण धाडलंय" असं म्हणून गेले. वाळवी काही आली नाही. शंभू मात्र पुढं दोन-अडीच वर्षांत साध्या तापाचं निमित्त होऊन गेला.

हे सांगताना माझा आवाज अजून नीट राहत नाही, म्हणून पटकन सांगून टाकलं. आता पुढचं ऐका.

त्याच्या मागं घरात उरलो मी, माझी बायको द्वारका, सून सोनाली आणि नात आरोही. सोनालीचं वय ते काय! मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, मुलींच्या शिक्षणावर, विधवांच्या पुनर्विवाहावर झेंड्याखाली उभं राहून भाषणं ठोकली. तीच भाषणं आपल्या घरात पाळायची वेळ आली तेव्हा पाय मागं कसा घेणार? आणि खरं सांगायचं तर द्वारकानं माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं, मी नुसता हो म्हणालो. आम्ही सोनालीचं दुसरं लग्न लावून दिलं. कन्यादान आम्हीच केलं. 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात. आमच्या घरात लेक आणि सून एकच झाली, त्यामुळं बोललेलं थेट जिथल्या तिथंच लागायला लागलं.

नवरा मुलगा कुलदीप. मूळचा कुर्डुवाडीचा, बार्शीत मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं काम करायचा. आई-वडील दोघंही नाहीत, भाऊबंद नावाला. सोनालीची पतसंस्थेतली नोकरी आणि आरोहीची शाळा इथं, म्हणून तोच इथं राहायला आला आणि स्टँडजवळ एक गाळा घेऊन बसला. मात्र लग्नाच्या बैठकीतच बोलणं झालं होतं: वर्षभर इथं राहून बघायचं, जमलं तर ठीक, नाहीतर तिघांनी बार्शीला खोली करायची. मी मोठ्या मनानं "अर्थातच" म्हणालो होतो. तेव्हापासून त्या 'नाहीतर'नं माझ्या छातीवर बिऱ्हाड केलं. नात बार्शीला गेली तर या घरात आम्ही दोघं समोरासमोर बसून काय करणार? बातम्या बघणार आणि एकमेकांच्या गोळ्या मोजणार.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आमचे जुने लोक म्हणायचे. हा ग्रह भलताच निघाला. कुणालाच पीडा देईना. चहात साखर विसरली तरी पिऊन मोकळा. पाण्याचा तांब्या घ्यायचा तरी "घेऊ का?" असं विचारायचा. एप्रिल महिन्यात मी म्हणायचो, "कुलदीपराव, पंखा लावा की." तर म्हणायचा, "राहू द्या मामा, वारं हाय की." एप्रिलमध्ये परंड्यात वारं! किल्ल्याचे दगडसुद्धा घामाघूम होतात, आणि याला वारं लागत होतं. द्वारका म्हणायची, "गुणाचं लेकरू हाय." मला मात्र त्याच्या गुणांचा राग यायचा. माणूस घरचा झाला की भांडतो, ताटावरून कुरकुरतो, दार आपटतो. हा आठ महिने झाले तरी गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखा बसायचा.

अशात ते मशीन निघालं.

एकदा जेवताना सोनालीनं विषय काढला. "आबा, ह्यांचं एक मशीन हाय कुर्डुवाडीला, मित्राच्या गोडाऊनमधी. ते गोडाऊन आता पाडायला घेतलंय. मशीन आपल्या घरी आणावं म्हनते मी."

"कसलं मशीन?"

कुलदीप भाकरीकडं बघत म्हणाला, "व्हिडिओ गेमचं, मामा. न्हाय आणलं तरी चालंल. भंगारवाला विचारत व्हता."

मग सोनालीनंच सगळं सांगितलं. कुलदीपच्या वडिलांचं कुर्डुवाडीच्या स्टँडसमोर गेमचं दुकान होतं. रुपयाचं नाणं टाकायचं, उभ्यानं खेळायचं, दांडी हलवायची, बटणं बडवायची, ते. मोबाइल आले आणि दुकान बसलं. वडील गेले. एकेक मशीन विकत विकत शेवटचं एक राहिलं, आणि त्या माणसाकडं बापाची म्हणून तेवढीच वस्तू होती. दारापेक्षा जरासं बुटकं, दीड क्विंटल वजनाचं, काचेची जुनी जड पेटी पोटात असलेलं धूड.

"ठेवणार कुठं?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं. मागच्या खोलीत ज्वारीची पोती, मधल्या खोलीत आमचे पलंग, एक खोली त्या दोघांची. मोकळी होती ती फक्त पुढची खोली. शंभूची फरशी.

नाही म्हणावं, तर बार्शी दिसत होती. हो म्हणावं, तर त्या पट्ट्यांवर दीड क्विंटल धूड दिसत होतं. मी हो म्हणालो, पण मास्तर तो मास्तरच, हो म्हणताना एवढ्या अटी घातल्या की ऐकणाऱ्याला नाही वाटावं. ओढायचं नाही. सरकवायचं नाही. खाली काहीतरी मऊ पाहिजे. पॉलिश उडता कामा नये. कुलदीप प्रत्येक अटीला "व्हय मामा" म्हणत गेला.

मग खाली काय घालायचं याची घरात खलबतं सुरू झाली. मी म्हणालो, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून घाला, याच्याइतकं मऊ आणि टिकाऊ काही नाही. तर सोनाली पटकन बोलून गेली, "रबर नगं आबा. रबराचा काळा डाग बसतो पॉलिशवर, परत निघत न्हाय. ते म्हनायचे." ते म्हणजे शंभू. बोलली आणि ओठ मिटून घेतले. मी छताकडं बघायला लागलो. कुलदीप मात्र सहज म्हणाला, "बरोबर म्हनायचे ते. रबर न्हाय घालायचं." एवढंच. त्या दिवशी मला तो पोरगा पहिल्यांदा आवडला, पण मी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

त्यानं प्लायवूडचा तुकडा आणला. अंथरून बघितला, वर दोन पोती ज्वारी ठेवून बघितली आणि उचलला, तर खाली बारीक ओरखडे. अंगणातली वाळू प्लायखाली गेली होती. कुलदीपचं तोंड असं उतरलं की मला रागवायला जागाच उरली नाही. शेवटी तोड निघाली ती मल्हारकडून. मल्हार धनगर, दर वर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवतो. त्याच्याकडं जेन होतं, लोकर ओली करून, दाबून दाबून केलेली बोटभर जाडीची बैठक. "मास्तर, ह्यावर हत्ती बसवला तरी खाली कळायचं न्हाय," म्हणाला. जेन नीट झटकून, दुहेरी घडी घालून फरशीवर अंथरलं. मशीनला कुलदीपनं लाकडाचे चार चौकोनी ठोकळे पाय म्हणून बसवले, म्हणजे भार एका टोकावर यायला नको.

मशीन आलं त्या दिवशी चार हमाल होते आणि कुलदीप त्यांच्या मागं-पुढं नाचत होता. "दादा, जरा उचलून... तेवढं ओढू नका, दादा." हमालांशी इतक्या अदबीनं कुणी कधी बोललं नसेल. मशीन जेनवर बसलं. मी वाकून चारी बाजूंनी बघितलं. एक ओरखडा नाही.

पुढं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. द्वारका त्या मशीनच्या प्रेमात पडली. हो, माझी सत्तरीला टेकलेली बायको! त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. कुलदीपनं तिला दांडी कशी धरायची ते दाखवलं, आरोहीनं बटणं दाखवली, आणि रोज दुपारी जेवणं झाली की बाईसाहेब पदर खोचून उभ्या. "अरं बाजूला व्हा की मुडद्यांनो, आंधळे हायसा का?" असा समोरच्या गाड्यांना आशीर्वाद. मी पेपर वाचायचं सोंग करत फरशीवर नजर ठेवून बसायचो. मशीनखाली धूळ जाऊ नये म्हणून तिनं आपल्या जुन्या इरकली लुगड्याची झालर शिवून त्याला खालून चारी बाजूंनी लावली. नव्या नवरीलासुद्धा कुणी एवढं जपत नाही.

कुलदीप ते बघून हसायचा. हसला की तो चांगला दिसायचा. मला वाटायला लागलं, आता बार्शी लांब गेली.

मे महिन्यात भूमला माझ्या पुतणीचं लग्न होतं. मी आणि द्वारका दोन दिवस मुक्कामी गेलो. एसटीनं परत आलो तेव्हा दुपार होती. मी चपला काढून पुढच्या खोलीत पाऊल टाकलं, आणि अंगठ्याला ठेच लागली. सपाट फरशीवर ठेच! खाली बघितलं तर एका पट्टीची कड उचलली होती. तिच्या शेजारची फुगली होती. झालरीखालून निघून पार खोलीच्या मध्यापर्यंत काळपट ओल पसरली होती.

मी खाली बसलो आणि हात लावला. जिथं शंभूनं गुडघे टेकून पट्टीला पट्टी भिडवली होती, नखसुद्धा जाणार नाही अशी, तिथं माझं बोट आत जात होतं.

कुलदीप दारात उभा होता. तो म्हणाला, "माझी चूक झाली, मामा. मशीन पुसताना बादली लवंडली. पाणी खाली गेलेलं ध्यानात आलं न्हाय."

माझा राग माझ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तो नाकावरून पुढं गेला. पुसताना बादली कशाला लागते, ओलं फडकं पुरत नाही का, सांगून सांगून जीभ झिजली, वगैरे सगळं मी बोललो. ते ठीक होतं. पण शेवटी मी म्हणालो, "तुम्हाला काय त्याचं! फरशी तुमची थोडीच हाय!"

सोनाली भिंतीला टेकून पायाच्या बोटांकडं बघत होती. कुलदीपनं मान हलवली. "बरोबर हाय मामा. उद्या टेम्पो बोलावतो. बार्शीत मित्राची एक खोली रिकामी हाय, तिथं ठेवतो मशीन."

बार्शी. तो शब्द त्यानं इतक्या हळू उच्चारला, तरी माझ्या कानात घणासारखा बसला. आज मशीन, उद्या माणसं. पण राग मोठा वाईट. डोळ्यांसमोर घर रिकामं होताना दिसत होतं, आणि तोंडातून "बोलवा" असंच बाहेर पडलं.

एवढ्यात द्वारका आतून आली. तिनं ओल बघितली, उचललेल्या पट्ट्या बघितल्या. मग खाली वाकून झालरीखाली हात घातला, जरा चाचपलं, हात काढून घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री जेवली नाही. मला वाटलं, फरशीचं दुःख. पोराच्या हातचं काम गेलं, आईच ती.

सकाळी टेम्पो आला. सोबत तेच चार हमाल. मशीन उचलून त्यांनी उंबऱ्याजवळ गोणपाटावर ठेवलं आणि "चहा घेऊन येतो" म्हणून टेम्पोवाल्यासकट कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेले. आरोही मशीनच्या बटणांवर हात फिरवत उभी होती. तिला रडू आवरत नव्हतं, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. म्हणून मी मागं वळलो आणि फरशीचं किती नुकसान झालंय ते बघायला जेन उचललं.

जेन उचलेना. पाणी पिऊन दगड झालं होतं. कसंबसं उजेडात ओढलं, आणि मला त्यावर चार खळगे दिसले. मशीनचे पाय चौकोनी. हे खळगे गोल होते, अगदी वाटीएवढे.

आमच्या स्वयंपाकघरात लाकडी फडताळ आहे, लोणची-पापड ठेवायचं. त्याच्या चारी पायांखाली पाण्यानं भरलेल्या चार वाट्या आहेत, मुंगी चढू नये, वाळवी लागू नये म्हणून. द्वारका लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी त्यात पाणी घालते. फडताळाखाली शहाबादी आहे, पाणी सांडलं तरी कुणाचं काही जात नाही. लाकडाची किमती वस्तू म्हटलं की पायांखाली पाण्याची वाटी, हे तिच्या हातांना ठाऊक. त्याच हातांनी तिनं जावयाच्या मशीनलाही वाट्या ठेवल्या होत्या. मध्यंतरी मी घरात नसताना ज्वारीची पोती टाकायला हमाल आले होते, तेव्हा तिनं त्यांच्याकडून मशीन जरा उचलून घेतलं असणार. रोज झालरीत हात घालून अंदाजानं तांब्या ओतायचा, डोळ्यांना नीट दिसत नाही, वाट्या भरून वाहिल्या की पाणी जेनमध्ये, आणि जेननं ते फरशीला धरून ठेवलं. वर शर्यतीच्या गाड्या चालवताना मशीन हलायचं ते वेगळंच.

कुलदीप बाहेर दोरी सोडवत होता. मी त्याला मागच्या अंगणात घेऊन गेलो.

"वाट्या कुठं हायत?" मी विचारलं.

तो हातातल्या दोरीचा पीळ उलगडत राहिला.

"कुलदीपराव, मी जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकलीत. वाट्या कुठं हायत?"

"घासून मांडणीत ठेवल्या," तो म्हणाला. "तुमी भूमला गेलात त्या संध्याकाळी ओल दिसली. मी आन् सोनालीनं जॅक लावून वाट्या काढल्या. मामा, तुमच्या पाया पडतो, मामींना ह्यातलं सांगू नका."

"का?"

"पोराची फरशी आपल्याच हातानं गेली म्हनून कळलं, तर त्या मनाला लावून घेतील. जन्मभर. त्यांनी तर माझी वस्तू जपायला केलं सगळं. माझी वस्तू आजवर कुनी अशी जपली न्हाय. माझ्या माथी असू द्या. मी काय, बार्शीला पन राहीन."

या पोरानं माझ्या शिव्या खाल्ल्या, बापाची वस्तू टेम्पोत घालायला निघाला, घर सोडायला निघाला, ते माझ्या बायकोच्या मनाला ओरखडा पडू नये म्हणून. आणि मी फरशीचे ओरखडे मोजत बसलो होतो. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण ते माझ्या हातांना जमलं नाही. मी फक्त म्हणालो, "थांबा जरा," आणि तरातरा पुढच्या खोलीत आलो.

द्वारका आणि सोनाली तिथंच होत्या. मी घसा खाकरून, वर्गात सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "मशीन कुठं जायचं न्हाय. पाणी मीच सांडलं. माझा तांब्या लवंडला, आन् मी भीतीनं बोललो न्हाय. कुलदीपरावांनी माझा आळ स्वतःवर घेतला."

द्वारकानं माझ्याकडं बघितलं. "कधी लवंडला?"

"परवा."

"परवा तुमी भूमला व्हतात. माझ्या शेजारी बसून जिलबी खात व्हतात."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा तोंडावर पडतो. सोनालीनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

"दोघं बी लबाड हायसा," द्वारका म्हणाली. "वाट्या म्या ठेवल्या व्हत्या. काल हात घातला, वाट्या न्हायत. आत जाऊन बघितलं, तर मांडणीत घासून पालथ्या घातलेल्या. तवाच कळलं म्या काय करून बसले ते. रातभर वाट बघितली, हे पोरगं आता तोंड उघडंल, मग उघडंल. तुमी इतकं टाकून बोललात, तरी ह्यानं न्हाय उघडलं."

कुलदीप दारात येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं आणि तिचा आवाज फुटला.

"माझा शंभू असता ना, तर गल्लीभर सांगत फिरला असता, आईनं माझी फरशी बुडवली, आईनं माझी फरशी बुडवली. लई बोंब मारली असती त्यानं. पोटचा व्हता माझ्या, पन आईसाठी खोटं बोलनारा न्हवता. तू बोललास रं."

एवढं बोलून ती रडायला लागली. शंभू गेला तेव्हा ती सगळ्यांना धीर देत फिरली होती, रडली नव्हती. आता उभ्या उभ्या, खांदे हलवून रडली. कुलदीपला काय करावं कळेना. तो पुढं आला, मागं सरला, शेवटी तिच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामी, पट्ट्या मी बदलतो. सागवान आनतो. अगदी तश्शा न्हाय बसनार, पन बसवतो."

"न्हाय बसल्या तरी चालंल," ती डोळे पुसत म्हणाली. "माणसांनी राहायला घातलीय ती. राहा म्हंजे झालं."

मला तिथं नुसतं उभं राहवेना. काहीतरी करायला पाहिजे होतं, आणि समोर उंबऱ्याजवळ ते मशीन उभं होतं. हमाल अजून टपरीवरच. मी पुढं झालो, दोन्ही हातांनी मशीनची कड धरली आणि सगळं बळ लावून आत ओढलं. खाली गोणपाट होतं ते सुटलं. चौकोनी पाय फरशीवर उतरला आणि करकर करत, कोरड्या, चांगल्या, चकचकीत पट्ट्यांवर हातभर लांब पांढरी रेघ उमटली.

"अहो ओढताय काय!" कुलदीप ओरडला. "उचलायचं असतंय ते, किती डाव सांगायचं! सोडा! सोडा म्हनतो ना!"

आरोहीचं रडू थांबलं. टपरीवरून परत येणारे हमाल अंगणातच उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्या पोरानं या घरात पहिल्यांदा आवाज चढवला होता, आणि तोही माझ्यावर. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो मागं सरला नाही, माफीही मागितली नाही. सरळ माझ्याजवळ आला, मशीनवरची माझी बोटं एकेक करून सोडवली, दंडाला धरून मला खुर्चीपर्यंत नेलं आणि खाली बसवलं. "कंबर धरली तर कोन बघनार?" तो पुटपुटला. "बसा हितं. उठू नका आता."

या घरात मला कुणी असं दटावून बसवलं, त्याला फार वर्षं झाली. शंभू बसवायचा.

मी बसलो. चष्मा काढून पुसला, पण दोष चष्म्याचा नव्हता. कुलदीप हमालांना हाका मारत होता, आणि मी जावयाला वर तोंड करून म्हणालो, "पंखा तरी लाव, पोरा, उकडतंय."

"लावतो," तो म्हणाला. "आदी ह्यो पसारा आवरू द्या."